मयत लिहिलेल्या माणसाच्या भेटीला

‘मानूस जिता हाये आन् तुमी त्याले मयत करून टाकलं. कावून?’

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी हा मजकूर माझ्या कॉम्प्युटरवर आला. खाली नाव होतं रेहाना परवीन, गाव अकोला. मी तो तीनदा वाचला. आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचा निरोप चुकून माझ्याकडे आलाय. मी चिपळूणची, जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. मी कोणाला कशाला मारू?

निवृत्तीनंतर हाताला काम हवं म्हणून मी मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी भाषांतर करायला लागले होते. सरकारी कामाची काही संकेतस्थळं आता अशी बनतात, की त्यांचा सगळा कोड उघड्यावर ठेवलेला असतो. कोणीही बघावा, कोणीही सुधारावा. माझ्यासारखी कोडातलं काही न कळणारी माणसं त्यातले इंग्रजी शब्द मराठीत करतात. शब्दांची लांबच लांब यादी येते. एकेक शब्द घ्यायचा, शेजारी मराठी लिहायचं, आणखी दोघांनी ‘बरोबर’ म्हटलं की शब्द पक्का. तो कुठल्या पानावर, कोणाच्या नावापुढे जाऊन बसणार, ते आपल्याला दिसत नाही. वर्षभरापूर्वी शेतीच्या एका योजनेच्या यादीत ‘अर्जदार’, ‘वारस’, ‘हस्तांतर’ यांच्या सोबतीला ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द होता. शेजारी वारस बसलेला, म्हणून मी लिहिलं ‘मयत’. सातबाऱ्यावर हाच शब्द असतो. दोघांनी ‘बरोबर’ म्हटलं आणि मी पुढच्या शब्दाकडे वळले.

रेहानाचा निरोप वाचून मी मूळ पान शोधून काढलं तेव्हा कळलं, की तो शब्द माणसासाठी नव्हताच. मंजुरीची मुदत संपलेल्या अर्जासाठी होता. तासाभरात मी ‘मयत’ काढून ‘मुदत संपली’ असं लिहिलं, रेहानाला माफीचं पत्र पाठवलं आणि विषय मिटला असं समजले.

चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. ‘तुमच्या तिथं बदललं, मॅडम. आमच्या इथं तसंच हाये. एकदा येऊन पाहा.’

बहीण म्हणाली, एका शब्दासाठी कोणी एवढं लांब जातं का? मी तिकीट काढलं होतं.

अकोला

अकोल्याला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि उन्हाला चटका होता. आमच्याकडे फेब्रुवारीत या वेळी अंगणात ओलावा असतो. इथे हवेत धूळ, कापसाचे बारीक तंतू आणि कुठून तरी येणारा तळणीचा वास. रस्त्याकडेच्या घरांपुढे निळे ड्रम ओळीनं मांडलेले. रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला, “नळ रोज येत नाई ना, बाई. आला का भरून ठिवा लागते.” चिपळूणला पाणी घरात शिरतं ही आमची तक्रार असते.

रेहानाचं सेवा केंद्र तिच्या दिराच्या गादीच्या दुकानाला लागून आहे. त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं, कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्यांचं. अर्ध्या जागेत कापसाचे ढीग, अर्ध्या जागेत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कागदाला प्लास्टिक चढवायचं यंत्र आणि भिंतीला टेकून बसलेली माणसं. चाळिशीची, चष्मा लावणारी बाई खुर्चीवरून उठली आणि तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तुमीच का त्या?”

“हो. मीच.”

“या. बसा. च्या घ्या पयले.”

आमच्याकडे पाहुण्याला आधी प्रवास कसा झाला विचारतात, मग पावसाचं, मग घरच्यांचं, आणि कामाचा विषय दुसऱ्या चहाला निघतो. रेहानानं कपात चहा ओतता ओतता संकेतस्थळ उघडलं, एक अर्ज क्रमांक टाकला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

अर्जदार : उत्तम ढोले. गाव : शेंदूरजनाघाटजवळचं एक खेडं. अर्ज : ठिबक सिंचन. आणि त्याखाली, लाल रंगात, मोठ्या अक्षरात, माझा शब्द.

तो रंग मी दिलेला नव्हता. यादीत तो शब्द काळा, बारीक, इतर शंभर शब्दांसारखाच होता. इथे तो एका माणसाच्या नावाखाली होता. मी कप खाली ठेवला.

“मी वाचला हा,” रेहाना म्हणाली. “मोठ्यानं वाचला. प्रतिभा इथंच बसली होती, तुमी बसल्या तिथं.”

प्रतिभा म्हणजे उत्तमराव ढोल्यांची मुलगी. अकोल्यात दिलेली, रेहानाच्याच गल्लीच्या टोकाला राहते. वडिलांनी फोनवर अर्ज क्रमांक सांगितला होता, मंजुरीचं काय झालं ते बघ म्हणून. ती दळण टाकून येता येता केंद्रात शिरली. रेहाना रोज असे अर्ज बघायची. नाव, गाव, स्थिती एका दमात वाचून टाकायची तिला सवय.

“तोंडातून निघून गेलं, मॅडम. निघाल्यावर कळलं काय वाचलं ते. ती मले म्हने, परत वाच. मी परत कशी वाचू?”

प्रतिभानं वडिलांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आईकडे फोन नव्हता. त्या वर्षांत वऱ्हाडात पाऊस सलग दगा देत होता, कापसाला भाव नव्हता, आणि वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात रोज गावांची नावं यायची. तिथे शेतकऱ्याच्या नावापुढे हा शब्द दिसला, की ‘कसा’ असं कोणी विचारत नसे.

“मंग?” मी विचारलं. माझ्याही तोंडून ‘मंग’ निघालं.

“मंग काय. शटर खाली वढलं आन् तिच्यासंगं गेली. एकटीले कसं जाऊ देऊ? माह्याच तोंडानं आयकलं होतं तिनं.” रेहानानं चष्मा पुसला. “त्याच रस्त्यानं तुमाले नेते मी उद्या. माफी लिवून पाठवली तुमी, चांगलं केलं. पन रस्ता पाहून घ्या.”

मी विचारलं, माझ्यापर्यंत ती पोचली कशी. तिनं पानाच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘हा प्रकल्प मुक्त स्रोत आहे. चूक आढळल्यास येथे कळवा.’ तिनं तिथे दाबलं होतं. पुढे इंग्रजी पानं होती. ती शब्द शब्द लावत शब्दांच्या यादीपर्यंत गेली. तिथे प्रत्येक शब्दाशेजारी तो लिहिणाऱ्याचं नाव राहतं, कायमचं. ‘मयत’च्या शेजारी माझं होतं.

“इतली वर्षं झाली,” ती म्हणाली, “त्या जागी दाबनारी मी पयलीच होती. कोनाचीच चिठ्ठी नोती तिथं.”

अमरावती

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं निघालो. अकोला सोडलं की जमीन काळी आणि सपाट होत जाते. मला डोंगराआड डोंगर बघायची सवय. इथे नजर अडायला काही नाही. वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या, तुरीच्या काड्यांचे भारे बांधावर. शेतात एकही घर नाही. आमच्याकडे प्रत्येकाचं घर आपापल्या वाडीत, झाडांत दडलेलं. इथे सगळं गाव एकाला एक चिकटून बसलेलं आणि शेतं दूरवर एकटी.

रेहाना मला खिडकीतून वेगळंच काही दाखवत होती. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा म्हणाली, “इथं तिनं पानी मांगलं आन् पेलं नाई.” पुढे बडनेऱ्याच्या अलीकडे म्हणाली, “इथं मले म्हने, बाबाचा सदरा शिवाले टाकला होता, आनायचा राह्यला.” ती हे रडून सांगत नव्हती. एखाद्यानं वाटेवरची गावं सांगावीत तसं सांगत होती. माझ्यानं त्या खिडकीबाहेर बघवेना.

अमरावतीत उतरल्यावर ती मला आधी गिला वडा खायला घेऊन गेली. दिसायला दहीवडा, म्हणून मी निर्धास्त मोठा घास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गाडीवाला घाबरून म्हणाला, “बाईले साखर द्या!” रेहाना पहिल्यांदा हसली. मीही हसले, पण डोळ्यांतलं पाणी थांबायला जरा जास्तच वेळ लागला.

मग ज्या कार्यालयातून ते संकेतस्थळ चालवलं जायचं तिथे गेलो. त्याचं नाव मी इथे देत नाही. तांत्रिक काम बघणारे निंभोरकर कंत्राटावर होते. तिशीचा, बारीक अंगाचा माणूस. मी वाटेतच ठरवून आले होते की याला चार शब्द सुनवायचे. मी शब्द दुरुस्त करून दहा दिवस झाले होते. नवी यादी इथल्या यंत्रावर उतरवून घ्यायला किती वेळ लागतो?

“पाच मिनिटं,” निंभोरकर म्हणाले.

“मग तुम्ही केलं का नाही? तिथे जिवंत माणसं मेलेली दिसताहेत!”

“मॅडम, मी मुद्दाम थांबवलं.”

त्यांनी कपाटातून कागदांचा जाड गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. विभागातल्या ज्या ज्या अर्जापुढे ‘मयत’ होतं, त्या सगळ्यांची यादी. मी पानं उलटायला लागले. नाव, गाव, मयत. नाव, गाव, मयत. पानं संपेनात. एवढी माणसं माझ्या हातून!

“यातली बरीचशी तुमची,” ते म्हणाले. “मुदत संपली, यंत्रानं आपोआप शिक्का मारला. पन सगळी तुमची नाईत. काही खरी हायेत.”

मला समजलं नाही. त्यांनी एका पानावर पेन्सिल टेकवली.

“आमच्या लोकांना अर्जाची स्थिती निवडताना ‘मयत’ असा पर्याय दिसला. वर्षभर. एखादा अर्जदार खरंच वारला, बायको कागद घेऊन आली, का त्यांनी तोच पर्याय निवडला. दुसरं निवडनार काय? आता मी तुमची दुरुस्ती उतरवली, तर जिते मानसं जिते होतील, बरोबर. पन जे मेले, त्यांच्या नावापुढंबी ‘मुदत संपली’ येईल. मुदत संपली म्हंजे फाइल बंद. वारसाचं नावच लागनार नाई.”

एक चूक करून मी जिवंत माणसांना मारलं होतं, आणि ती तासाभरात घाईघाईनं सुधारताना मेलेल्या माणसांच्या बायकांच्या हातातला कागद काढून घ्यायला निघाले होते. ज्या माणसाला मी आळशी समजून सुनवायला आले होते, त्यानं दहा दिवस ते अडवून धरलं होतं.

“यंत्राला वेगळं काढता नाही येणार?”

“नाई. मुदत संपलेल्या जुन्या फायली बंद करताना आमच्या लोकांनीबी हातानं ‘मयत’च निवडलंय. माणसालाच विचारावं लागते, आहे का गेला.”

“हे तुम्ही तिथे लिहिलं का नाही? उघड्या पानावर? मला कळलं असतं.”

निंभोरकर गठ्ठ्याच्या कडा जुळवायला लागले. “वर पत्र दिलं होतं. उत्तर नाई आलं. आन् तिथं लिहाचं म्हंजे… मी कंत्राटी मानूस. मले वाटलं, थे मोठ्या लोकायचं हाये.”

“मी कोन मोठी लागून गेली?” रेहाना म्हणाली. “मी लिवलंच ना.”

तिनं गठ्ठा स्वतःकडे ओढला. सेवा केंद्रं चालवणाऱ्यांचा तिचा एक फोनवरचा गट होता, अकोला आणि अमरावती दोन्हीकडचा. प्रत्येक तालुक्याची पानं त्या त्या केंद्राकडे पाठवायची, त्यांनी गावात विचारायचं, आणि निंभोरकरांनी एकेक नाव वेगळं करायचं, असं तिनं उभ्या उभ्या ठरवलं. मला म्हणाली, “तुमी दोन शब्द काढून ठिवा. जित्याचा एक, मेलेल्याचा एक. आन् लिवायच्या आंधी आमाले दाखवा.”

वरूड तालुक्याची पानं आम्ही आमच्याजवळ ठेवली. आम्ही तिकडेच निघालो होतो.

मुक्काम रेहानाच्या मावशीकडे होता. मावशीनं दारातच विचारलं, “आमच्या हातचं खाता ना?” आमच्याकडे हा प्रश्न मनात ठेवून लोक तासभर इकडचं तिकडचं बोलत राहतात. मी “खाते की” म्हटलं आणि पुढ्यात दालचा-भात आला. मावशी म्हणाली, “बेटा, ये इतनी चुप क्यों है?” रेहाना म्हणाली, “उसने आज बहुत लोगों के नाम पढ़े हैं.”

शेंदूरजनाघाट

मोर्शी ओलांडली की वऱ्हाड रूप बदलतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा. पण त्या वर्षी सगळ्याच बागा हिरव्या नव्हत्या. मधेच एखादी अख्खी बाग वाळून करडी उभी. विहिरी आटल्या होत्या. काही ठिकाणी झाडं मुळापासून कापून सरपणाचे ढीग लावलेले. एवढी मोठी फळझाडं अशी कापलेली मी पाहिली नव्हती. आमच्याकडे हापूसचं कलम मेलं तर घरात सुतक असल्यासारखं होतं.

शेंदूरजनाघाटात संत्र्यांचे ढीग, खोक्यांत पसरायचं तणस, हातानं मोठी-बारीक फळं वेगळी करणाऱ्या बायका. तिथून ऑटोनं ढोल्यांच्या खेड्यात गेलो. उत्तमराव बागेतच होते. बांधावरून त्यांच्याकडे जाताना माझा पाय जमिनीच्या भेगेत गेला. काळी माती पाण्याविना अशी उकलते हे ऐकून होते. भेग घोट्यापर्यंत खोल असते हे तेव्हा कळलं. मी खाली बसले. साठीचा, पांढऱ्या मिशांचा एक माणूस धावत आला आणि त्यानं माझा पाय दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढला.

“लागलं का, बाई?”

रेहाना म्हणाली, “काका, याच त्या. चिपळूनच्या.”

ज्याला मी मारलं होतं तो माणूस माझा पाय हातात धरून बसला होता. मला हात जोडता येईनात, उठता येईना. मी कसंबसं म्हटलं, “माझ्याकडून फार मोठी चूक झाली.”

त्यांनी पाय खाली ठेवला. घोटा दाबून पाहिला. मग म्हणाले, “मोडला नाई.”

झाडाखाली बसून त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. लाइट नव्हती म्हणून फोन बंद पडलेला. ते झाडांना आळी करत होते. दुपारची वेळ. “पाह्यलं तं प्रतिभा पयत येऊन राह्यली. पायात चप्पल नाई. मांगून ह्या बाई. मले वाटलं, सासरी काई झालं. मी म्हनलं, काय झालं वं माय? तं तिनं मले मारलं.” त्यांनी दोन्ही मुठी छातीवर ठेवून दाखवल्या. “अशी. दोनी हातानं. बोले ना, रडे ना, मारूनच राह्यली. मंग ह्या बाईनं सांगितलं काय झालं थे. आन् मी हासलो.”

त्यांनी मुठी खाली घेतल्या.

“थे माही चूक झाली. मले खरंच हासू आलं, का सरकारनं मले मारलं आन् मलेच मालूम नाई. पन तिनं माह्याकडे जे पाह्यलं ना, बाई… तवापासून मी त्या गोष्टीवर हासलो नाई.”

त्यांच्या घरी रोडगे आणि वांग्याची भाजी झाली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे फोडून त्यावर तूप. त्यांच्या पत्नी, शांताबाई, वाढता वाढता मला म्हणाल्या, “खा, पोटभर खा. मले तं काईच मालूम नोतं. पोरगी आली म्हून मी खुश झाली होती.”

जेवणानंतर रेहानानं वरूडची पानं काढली. उत्तमरावांनी आपल्या गावाची नावं ऐकली. पाच नावं होती. “हा जिता. हा जिता, काल भेटला. हे मीच. हा जिता.” पाचव्या नावाला ते उठले. “चाला. इथं तुमालेच जावं लागीन.”

ते कांताबाईंचं घर होतं. पस्तिशीची बाई, दारात तूर पाखडत होती. आम्ही कोण ते उत्तमरावांनी सांगितलं. ती आत गेली आणि प्लास्टिक चढवलेला एक कागद घेऊन आली. संकेतस्थळाच्या पानाची ती छापील प्रत होती. नवऱ्याचं नाव, आणि खाली लाल अक्षरात ‘मयत’. तोच रंग, तोच शब्द. इथे तो खरा होता.

“वारसाचं नाव लावाले गेली, तं ज्या टेबलावर गेली थे मले पुरावा मांगते,” ती म्हणाली. “आन् दुसरं इचारते, काय घेतलं होतं? जो थो हेच इचारते. माह्या मानसानं काई घेतलं नोतं. मोटर चालू कराले गेला होता. ओला हात लागला. इतलंच. पन शेतकरी मेला म्हनलं का कोनाले खरंच वाटत नाई, का मानूस असाबी मरते.” तिनं कागदावरून बोट फिरवलं. “हे दाखवलं का इचारत नाईत. सरकारनंच लिवलं हाये म्हंते मी.”

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “हे आता बदलनार म्हंतेत. खरं का?”

मी तो कागद हातात घेतला. एकेका टेबलापाशी तिची काय कामं अडली होती, याचा मला चिपळुणात बसून पत्ताही नव्हता. माझ्या अज्ञानातून पडलेला शब्द तिच्या एवढ्या उपयोगी पडला होता. आणि निंभोरकरांनी पाच मिनिटं खर्च केली असती, तर मागच्याच आठवड्यात तो पुसला गेला असता.

“तुमच्यासाठी बदलणार नाही,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी नीट लिहिणार. काय लिहिलं तर तुमचं काम अडणार नाही, तुम्ही सांगा.”

ती विचारात पडली. “हेच राहू द्या. आन् पुढं लिवा, वारस बाकी हाये. मंग त्यायले कळीन का कोनी बसलं हाये वाट पाहात.”

तिथेच, तिच्या ओट्यावर बसून, मी वहीत लिहिलं : ‘अर्जदार मयत. वारस नोंद बाकी.’ तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. दुसऱ्या शब्दाचं उत्तमरावांना विचारलं. माझं ‘मुदत संपली’ त्यांनी फेटाळलं. “मुदत तं मानसाचीबी संपते, बाई. अर्जाचं हाये तं अर्ज म्हना.” मग ठरलं : ‘अर्जाची मुदत संपली. पुन्हा अर्ज करा.’ रेहानानं दोन्ही ओळी फोनवर निंभोरकरांना वाचून दाखवल्या. पलीकडून ते म्हणाले, “उघड्या पानावर टाका. मीबी खाली माहं नाव लिहितो.”

नावं वेगळी करायला पुढे बरेच दिवस लागले. गावोगावच्या केंद्रांतल्या माणसांनी ते काम केलं, वरून कोणाचा आदेश नसताना. सगळं जुळल्यावरच निंभोरकरांनी नवी यादी उतरवली. मी तेव्हा चिपळूणला परतले होते. मला ते रेहानाच्या फोनवरून कळलं. रंगही बदलून घेतला, ती म्हणाली.

पुन्हा अकोला

शेंदूरजनाघाटहून अकोल्याला आलो तेव्हा माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी रेहानाला म्हटलं, मला प्रतिभाला भेटायचंय. ती म्हणाली, “तिले इचारते.” अर्ध्या तासानं आली. “ये म्हने.”

दोन खोल्यांचं घर. प्रतिभा तिशीची, वडिलांसारखंच रुंद कपाळ. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली.

मग म्हणाली, “तुमी शाळेत मराठी शिकवत होत्या ना?”

“हो.”

“थो शब्द लिवला तवा कोनाले इचारलं होतं?”

मी म्हटलं, आणखी दोघांनी बरोबर म्हटलं होतं.

“थे नाई. कोनाले इचारलं होतं, का हा कुठं लागनार हाये?”

“कोणालाच नाही.”

तिनं मान डोलावली, जणू एवढंच तिला हवं होतं. आतल्या खोलीतून सहा-सात वर्षांची मुलगी डोकावत होती. प्रतिभा तिच्याकडे न बघता हळू आवाजात सांगायला लागली. त्या दिवशी निघताना हिला शेजारी ठेवायचं होतं. ही सोडेना. काय झालं, कुठं चालली, विचारत राहिली. “मंग मी सांगून देल्लं, का आजोबा गेले. काय सांगू दुसरं? सांजेले मी फोन केला, का आजोबा हायेत, बोल. तं ती बोले ना. म्हने, तूच सांगितलं गेले म्हून.”

मी रेहानाकडे पाहिलं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

“नेऊन भेटवलं,” प्रतिभा म्हणाली. “मांडीवर बसली, जेवली. घरी आली आन् परत तेच. दिसते तोवर आजोबा हाये. डोयाआड झाले का तिले वाटते, गेले.”

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी धावत आली. आईच्या हातून फोन घेऊन तिनं कानाला लावला आणि कडक आवाजात विचारलं, “आज काय खाल्लं?”

पलीकडून उत्तमरावांचा आवाज आला, एवढा मोठा की मला ऐकू येत होता. “भाकर. वांग्याची भाजी.”

“आन् काय?”

“आन् ठेचा. आन् तुयी आजी मले लय बोलली.”

“कावून?”

“खळ्यात चप्पल घालून गेलो म्हून.”

मुलीनं क्षणभर विचार केला, मग आईकडे बघून मान हलवली. आजोबा खरंच आहेत. प्रतिभा म्हणाली, “रोज करते फोन बाबा. याच टायमाले. नाई केला तं ही जेवत नाई.”

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घरात आलेल्या प्रत्येकाला ती हे करायला लावत असणार, कारण तिनं अजिबात न लाजता फोन माझ्याकडे धरला.

“तुमी बी इचारा.”

मी फोन कानाला लावला. तिकडे कोंबड्यांचा आवाज होता, कोणी तरी बादली ओढत होतं. उत्तमराव म्हणाले, “हॅलो. कोन बोलते?”

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला माझं नाव सांगायचं होतं, ‘मयत’च्या शेजारी कायमचं राहिलेलं तेच, आणि ते सांगायला मला फार वेळ लागला.